परीकथांवरच्या प्रेमकादंबऱ्या मोठ्या वयात कोण कोण वाचतं?

आटपाट_नगर (इंदूर)

मला परीकथांवर बेतलेल्या अद्भुत प्रेमकादंबऱ्या आवडतात. रपुंझेल, सिंड्रेला, ब्यूटी अँड द बीस्ट यांपैकी एखादीचा सांगाडा घ्यायचा, त्यात जंगल, शाप आणि एखादा शिष्ट हिमराजा घालायचा, आणि चारशे पानं दोघांना एकमेकांपर्यंत यायला लावायचं. हल्ली याला रोमँटसी म्हणतात. माझी नोकरी हिशेबाची, मुलगा कॉलेजात. तो म्हणतो, आई, निदान कव्हर तरी उलटं ठेवत जा. संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका ओळखीच्या काकूंनी विचारलंच, "अजून राजपुत्र लागतो का गं तुला?"

राजपुत्रासाठी वाचतच नाही मी. मी वाचते अटीसाठी.

बाराच्या ठोक्याआधी परत ये. नवऱ्याचं तोंड दिवा लावून पाहू नकोस. सगळ्या किल्ल्या तुझ्या, पण या एका खोलीचं दार उघडू नकोस. लहानपणी वाटायचं, गोष्ट पुढे सरकावी म्हणून हे सगळं घातलेलं असतं. संसार मुरल्यावर कळायला लागलं की प्रत्येक घरात अशी एक खोली असते आणि सगळे तिच्यासमोरून चहाचा ट्रे घेऊन बिनबोभाट जात असतात.

मूळ गोष्ट ते दोन वाक्यांत उरकते. ग्रिम बंधूंच्या सहा हंसांच्या गोष्टीत बहिणीला सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि भावांसाठी फुलांचे सहा सदरे शिवायचे आहेत. मधेच एक राजा तिला रानातून घेऊन जातो आणि लग्न करतो. पुढे सासू तिची बाळं पळवते आणि हिनेच ती खाल्ली असा आळ घेते, तरी हिला तोंड उघडता येत नाही. गोष्ट इथून धावत शेवटाकडे जाते. आणि मी तिथेच अडकते. मुकी बायको आणि राजा रात्री जेवायला बसल्यावर काय करत असतील? तिच्यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे काय आधार होता? ज्युलिएट मॅरिलिएरने १९९९ साली ही गोष्ट जुन्या आयर्लंडात नेली आणि अख्खी कादंबरी त्या मौनावर उभी केली. 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट' नाव. काटेरी झाडाचे धागे काढून काढून नायिकेचे हात सुजतात, ते वाचताना मी स्वतःचे हात चोळत होते.

तर, कोण कोण वाचतं? "हे पोरींचं खूळ" म्हणणाऱ्यांनीही यावं, भांडण चालेल.

रात्रपाळी

मी! नर्स आहे. पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड शांत असला तर फोनवर वाचते. मला शेवट गोडच लागतो. वॉर्डात शेवट काय होणार हे माझ्या हातात नसतं, म्हणून पुस्तकात तरी आधीपासून ठरलेला हवा. ताई, धागा काढल्याबद्दल धन्यवाद. मला वाटायचं, मी एकटीच आहे.

गराडू

काय भिया, इथे पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना? माझं सियागंजात दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा गल्ल्याच्या मागे बसून हेच वाचून राहिलो असतो. बायकोला वाटतं जीएसटीचं काहीतरी बघतोय.

खरं सांगू? मला जंगलं आवडतात. ती पोलंड-रशियाकडची बर्फाची जंगलं. पात्रं गेली खड्ड्यात.

आटपाट_नगर

गराडूदादा, स्वागत! जीएसटीच्या आड हिमराजा, हे भारी आहे.

बे_एके_बे

वाचून गंमत वाटली. निवृत्त शिक्षक आहे, गणिताचा. शंका दोन.

एक, परीकथा मुलांसाठी असतात. मोठ्यांनी त्यात रमणं म्हणजे पलायन, हे मान्य करून मग खुशाल वाचावं. गोंडस तत्त्वज्ञान कशाला?

दोन, शेवट ठाऊक असेल तर ताण कुठून येतो? उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेलं गणित कोण सोडवतं?

मोडी_लिपी

बे_एके_बे सर, पहिल्या शंकेचं गृहीतकच उलटं आहे. मुलांचा नंबर बराच उशिरा लागला.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी या गोष्टी रंगल्या त्या उमराव घरांतल्या बैठकींत, आणि रंगवल्या मोठ्या बायकांनी. मादाम दोल्नुआची या तऱ्हेची पहिली गोष्ट १६९० सालची, तीही एका कादंबरीच्या पोटात घातलेली. तिचं लग्न कोवळ्या वयात, तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी लावलेलं. मनाविरुद्ध दिलेल्या राजकन्या तिच्या गोष्टींत का येतात, हे वेगळं सांगायला नको. पेरोचं प्रसिद्ध पुस्तक १६९७ चं. काचेचा बूट त्यातलाच.

ब्यूटी अँड द बीस्टची आपल्याला माहीत असलेली गोष्ट १७४० साली मादाम द व्हिलन्यव्हने लिहिली तेव्हा ती चांगली लांबलचक कादंबरीच होती. बाई विधवा, नवऱ्याने पैसा उडवलेला, स्वतः लिहून पोट भरणारी. तिच्या कादंबरीतला पशू रोज रात्री जेवण झाल्यावर नायिकेला विचारतो ते "माझ्याशी लग्न करशील का?" असं नाही. तो विचारतो, "माझ्याबरोबर निजशील का?" आणि ती रोज नाही म्हणते. सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, मादाम ल प्रँस द बोमाँ या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनींसाठी ती गोष्ट कापून छोटी केली आणि प्रश्न बदलून लग्नाचा केला. जगभर पसरली ती ही शाळेतली आवृत्ती.

ग्रिम बंधूंचंही तेच. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत रपुंझेल म्हातारीला निरागसपणे विचारते, माझे कपडे हल्ली घट्ट का होतात? म्हणजे राजपुत्र मनोऱ्यावर नुसत्या गप्पा मारायला येत नव्हता. पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न गेला. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, नंतर सावत्र झाली. मुलांच्या खोलीत न्यायचं म्हणून आधी गोष्टी धुऊन घेतल्या. आज कोणी त्यांत पुन्हा मोठ्यांचं जग घालत असेल तर ती घरवापसीच आहे.

बे_एके_बे

माहिती नवी होती. पहिली शंका मागे. दुसरी उभी आहे.

रात्रपाळी

दुसरीचं मी सांगू का सर? कीर्तनात सीतास्वयंवर लागलं की कोणी विचारतं का, धनुष्य मोडणार की नाही? बुवा जनकाची घालमेल सांगतात, रावणाची फजिती सांगतात, आणि आपण तासभर मांडी न मोडता बसतो.

बे_एके_बे

कीर्तनात भक्ती असते. इथे काय असतं?

आटपाट_नगर

इथे "कसं" असतं. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानावर कळतं, तसा या प्रकारचा नियमच आहे. प्रेमकादंबरी म्हणवून घ्यायचं तर शेवट आशेचा हवा. म्हणजे लेखिकेला "काय होईल" या कुबडीवर चालता येत नाही. तिला प्रत्येक पायरी पटवून द्यावी लागते. हा माणूस तिसऱ्या प्रकरणात असा उर्मट आहे, मग तिसाव्या प्रकरणात तिने त्याच्याकडे का बघावं? सर, तुम्हीच पोरांचे मार्क कापत असाल ना, उत्तर बरोबर पण रीत लिहिली नाही म्हणून?

बे_एके_बे

कापायचो. चला, दुसरी शंकाही अर्धी मागे.

सयाजीबागेतला (बडोदा)

वाचतोय. इंदूरकर गप्पांत गुंतले की धागा पोह्यांवर येतो असा अनुभव आहे. पाहू किती वेळ टिकतो.

उलट_टपाल

मी जरा वातावरण बिघडवते. वय सव्वीस, या कादंबऱ्या ढिगाने वाचते, म्हणजे बाहेरून दगड मारत नाहीये.

ब्यूटी अँड द बीस्टवरच्या कादंबऱ्यांचा मला त्रास होतो. मुलीला कोंडून ठेवायचं. तो ओरडतो, वस्तू फोडतो. मग ग्रंथालय भेट देतो. ग्रंथालय बघून आपणही पाघळतो! आणि ती त्याच्या प्रेमात. "रागीट आहे, पण मनाने सोन्यासारखा" हे वाक्य मी माझ्या नात्यातल्या बायकांकडून खऱ्या नवऱ्यांबद्दल ऐकलंय, आणि त्या नवऱ्यांवर कसलाही शाप नव्हता. ते तसेच होते. पुस्तकातला राक्षस शेवटी बदलतो. घरातला बदलत नाही. मग हे पुस्तक वाचणाऱ्या मुलीला आपण काय शिकवतोय?

गराडू

बोललीस खरी.

आटपाट_नगर

उलट_टपाल, हे वातावरण बिघडवणं नाही, धागा याचसाठी आहे.

तुझं म्हणणं पुष्कळशा पुस्तकांना लागू आहे. पण मूळ गोष्टीची कळ मला दुसरीकडे दिसते. बोमाँच्या गोष्टीतसुद्धा पशू तिला घरी जाऊ देतो. वडील आजारी आहेत, आठवडाभर जाऊन ये म्हणतो, आणि ती मुदत ओलांडते. कुलूप उघडल्यावर ती परत का येते, हा खरा प्रश्न. जी लेखिका कुलूप उघडतच नाही किंवा शेवटच्या पानावर घाईघाईने उघडते, तिचं पुस्तक मीही मिटते.

आणि ही गोष्ट ज्या काळात सांगितली गेली तेव्हा मुलींना ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा माणसाच्या घरी पाठवत होते. आपल्याकडे तर माझ्या आजीपर्यंत. ती ग्वाल्हेरहून लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा नवरा तिने अंतरपाटाच्या अलीकडून पाहिला, म्हणजे नाहीच पाहिला. तिच्या दृष्टीने जेवणाच्या ताटासमोर बसलेला अनोळखी प्राणी ही कल्पना नव्हती. तो माणूस निघेल की नाही, या भीतीची ती गोष्ट आहे. माझे आजोबा निघाले माणूस. शेजारच्या वाड्यातले नाही निघाले.

काही लेखिकांनी शेवटालाच हात घातलाय. रॉबिन मॅकिन्लीने ही गोष्ट दोनदा लिहिली, १९७८ मध्ये 'ब्यूटी' आणि १९९७ मध्ये 'रोझ डॉटर'. दुसरीत नायिका त्याला पशूच राहू देते. देखणा राजपुत्र तिला नकोच असतो. आणि अँजेला कार्टरच्या १९७९ च्या संग्रहात वाघाची एक गोष्ट आहे. त्यात शेवटी तिचीच कातडी सोलून खाली येते आणि आतून वाघीण निघते. ती प्रेमकादंबरी नव्हे, अंगावर येते. पण तुला आवडेल.

उलट_टपाल

वाघीण वाचते. बाकी अर्धंच पटलं. दोन चांगली उदाहरणं दिलीत, ती १९७९ आणि १९९७ ची. आज फोनवर जी वीस कव्हरं समोर येतात, त्यात कुलूप उघडणारी किती? असो, पशू सोडून द्या. मला हंस आणि मनोरे आवडतात, तिथे मी तुमच्या बाजूची.

रात्रपाळी

एक खाजगी प्रश्न सार्वजनिक विचारते. पुस्तक किती तिखट आहे हे आधी कसं कळतं? परवा एक घेतलं, कव्हरवर गुलाब, आत चाळीसाव्या पानावर... मी वॉर्डात होते हो!

गराडू

हाहाहा. कव्हरवर गुलाबासोबत खंजीर असला तर सावध राहायचं.

आटपाट_नगर

वाचक हल्ली परीक्षणात मिरच्यांची चित्रं टाकतात, ती मोजायची. माझं मत विचाराल तर आमच्या इंदूरच्या जीरावण मसाल्यासारखं आहे. पोह्यांवर भुरभुरलं की बहार, पोह्यांऐवजी ताटलीत तेच वाढलं तर खायचं काय? पण मघाशी मोडी_लिपी यांनी सांगितलंच आहे, मूळ पशू काय विचारत होता. तेव्हा तिखटाला विलायती थेर म्हणून नावं ठेवायची सोय राहिली नाही.

सयाजीबागेतला

पोहे आले. मी म्हटलं होतं.

शिप्राकाठ (उज्जैन)

उशिरा येतो आहे. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, डोळे आता मोठ्या अक्षरांवर चालतात. फ्रान्सपर्यंत गेलात, पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनला यायला विसरलात.

सोमदेवाने कथासरित्सागर अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचला. ही राणी कोणी अल्लड पोर नव्हे. तिचा नवरा अनंत आणि मुलगा कलश यांचं हाडवैर झालं होतं, शेवटी अनंताने जीव दिला आणि ती सती गेली, हे काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणाने लिहून ठेवलं आहे. घरात अशी आग लागलेली बाई विद्याधरींच्या, उडत्या विमानांच्या आणि शापित राजपुत्रांच्या गोष्टी ऐकत होती. तिला पलायनाबद्दल कोणी टोमणा मारला असेल असं वाटत नाही.

त्याच ग्रंथात आमच्या उज्जयिनीची वासवदत्ता आहे. तिचा बाप चंडमहासेन खोटा हत्ती करून, त्याच्या पोटात सैनिक बसवून, वत्सराज उदयनाला पकडून आणतो. कैदी वीणा उत्तम वाजवतो म्हणून मुलीला शिकवायला बसवतो. पुढे काय झालं असेल ते या धाग्यावरच्या मंडळींना सांगायला नको. दोघं हत्तिणीवर बसून पळाली. कालिदासाच्या मेघाला अवंतीत उदयनाच्या गोष्टी सांगणारे गावोगावचे म्हातारे भेटतात. म्हातारे, हे लक्षात घ्या. पोरं नाहीत. उलट_टपाल यांच्या आक्षेपासंबंधी एवढंच, इथे कोंडलेला पुरुष आहे.

आता अटीबद्दल, कारण धागाकर्तीने तिथूनच सुरुवात केली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे. पूर्ण कथा शतपथ ब्राह्मणात येते. उर्वशीची अट अशी की मला तू कधी विवस्त्र दिसता कामा नयेस. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं चोरतात, ती ओरडते, राजा तसाच उठून धावतो, आणि गंधर्व वीज पाडतात. क्षणभर लख्ख उजेड. संपलं. पुढे तो तिला शोधत सरोवरापाशी येतो तेव्हा ती जलपक्ष्यांच्या रूपात सख्यांबरोबर पोहत असते. रोमनांच्या सायकीने दिवा लावून नवरा पाहिला. इथे नवऱ्यावरच उजेड पडतो. सूक्तात तो विनवण्या करतो आणि ती त्याला स्पष्ट सांगते की बायकांशी मैत्र टिकत नसतं, त्यांची हृदयं लांडग्यांची. तीन हजार वर्षांपूर्वीची नायिका आहे ही, आणि शेवट मुळीच गोड नाही.

उलट_टपाल

काका!! उर्वशीसाठी उभं राहून टाळ्या.

मोडी_लिपी

शिप्राकाठ काका, बाणभट्ट राहिला.

शिप्राकाठ

राहिला नव्हता, राखून ठेवला होता.

सातवं शतक, हर्षाचा दरबार, आणि बाणभट्टाची 'कादंबरी'. नायिकेचंही नाव तेच. चंद्रापीड हा उज्जयिनीच्या तारापीड राजाचा मुलगा. किन्नरांच्या जोडीमागे घोडा फेकत तो अच्छोद सरोवरापाशी पोचतो. तिथे मेलेल्या प्रियकराची वाट पाहत तप करणारी महाश्वेता भेटते, आणि तिच्यामुळे गंधर्वराजकन्या कादंबरी. दोघं एकमेकांकडे पाहतात आणि बाणभट्ट पुढची कितीतरी पानं त्या पाहण्यावर घालवतो. इतकं सावकाश प्रेम की हल्लीच्या कोणत्याही लेखिकेला घाम फुटेल. मग बापाचा निरोप येतो आणि त्याला उज्जयिनीला परतावं लागतं. बाणभट्ट इथेच कुठेतरी वारला. उत्तरार्ध मुलाने पुरा केला.

त्या उत्तरार्धात काय होतं पाहा. आपला मित्र शाप लागून गेला हे ऐकताच चंद्रापीडाचं काळीज फुटतं, तो मरतो. पण देह कोमेजत नाही. आकाशवाणी होते, हा देह जपा. आणि कादंबरी बसते त्या देहापाशी. न्हाऊ घालते, फुलं वाहते, ऋतू जातात. शेवटी ती त्याला मिठी मारते तेव्हा तो डोळे उघडतो.

तुमच्या त्या निद्रिस्त सुंदरीची मी पुष्कळ चित्रं पाहिली आहेत. आमच्याकडे निजलेला तो आहे, आणि जागरण तिचं आहे.

रात्रपाळी

काका, अंगावर काटा आला. माझी आजी अशीच एक गोष्ट सांगायची, बिननावाची. एका ओसाड वाड्यात राजपुत्र पडलेला, अंगभर सुया टोचलेल्या. मुलगी दिवसरात्र एकेक सुई काढते. फक्त डोळ्यांवरच्या उरतात तेव्हा ती आंघोळीला जाते आणि दासीला सांगते, यांना हात लावू नकोस. दासी काढते. तो डोळे उघडतो, समोर दासी. तिलाच राणी करतो, आणि जिने सगळ्या सुया काढल्या ती घरची मोलकरीण होते.

लहानपणी मला दासीचा राग यायचा. आता राग येतो त्या राजपुत्राचा. शुद्धीवर आल्यावर पेशंट बहुतेक शेवटच्या डॉक्टरांचे आभार मानतात.

आटपाट_नगर

रात्रपाळी, यावर कोणीतरी कादंबरी लिहा गं. तो जागा झाल्यापासून पुढची. त्याला खरं कधी आणि कसं कळतं, आणि कळल्यावर ती त्याला काय म्हणते. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

गराडू

तेच विचारायचं होतं. हे सगळं मराठीत का नाही? मी इंग्रजी अडखळत वाचतो. हिमराजा ठीक आहे, पण सातपुड्यातलं जंगल काय वाईट आहे? मांडूला पावसाळ्यात रूपमतीच्या मंडपात उभं राहा, खाली धुकं, लांबवर नर्मदेची रेघ. आणि माळव्याचा सुलतान बाजबहादूर आणि त्याची रूपमती यांची गोष्टही आहेच. १५६१ ला अकबराचा आधमखान आला, हा पळाला, तिने विष घेतलं. तिथे शेवट बदलणारी कादंबरी मला पाहिजे.

मोडी_लिपी

मराठीत होतं. आपण ते माळ्यावर टाकलं.

मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीत हेच होतं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ ची. सुंदर नायिका, संकटं, कपटी खलपुरुष, योगायोगांचा पाऊस, शेवटी मीलन. वाचक तुटून पडायचे. मग हरिभाऊ आपटे आले आणि त्यांनी घरातली विधवा, चाळ, शिकलेला तरुण, असं डोळ्यांसमोरचं जग लिहिलं. फार मोठं काम. पण त्यानंतर समीक्षेने एक कप्पा करून टाकला, वास्तव ते थोर आणि अद्भुत ते बाळबोध. ज्याला अद्भुत लिहायचं होतं त्याने मुलांसाठी लिहावं किंवा पुराणातली व्यक्तिरेखा उचलावी, एवढ्याच दोन वाटा उरल्या. कर्ण, ययाती, द्रौपदी यांच्यावर आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. तेच जरा शाप-वरदान बिननावाच्या राजकन्येला दिलं की म्हणतो, वय काय तुझं?

(जुन्या मुक्तामालेची भाषा आज जड जाते, हे आधीच सांगतो. मी स्वतः ती कर्तव्य म्हणून संपवली.)

बे_एके_बे

हा मुद्दा फार आवडला. शिवाय एक सांगायचं आहे. माझ्या मुलीकडून धागाकर्तीने म्हटलेल्या हिमराजाचं एखादं पुस्तक मागवलं, तिने नेओमी नोविक यांचं 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) पाठवलं. पेंढ्याचं सोनं करणाऱ्या बुटक्याच्या गोष्टीवरचं. नायिका सावकाराची मुलगी! बाप भिडस्त, वसुली जमत नाही, म्हणून पोरगी वही घेऊन दारोदार जाते. चांदीचं सोनं करते ती मंत्राने नव्हे, खरेदी-विक्रीने. आणि तिचं मत असं की ती जुनी परीकथा मुळात घेतलेलं कर्ज बुडवण्याबद्दल आहे. मी चाट पडलो. अर्धं झालंय. राजा अजून आवडलेला नाही. वही आवडली.

आटपाट_नगर

सर!!! राजा मलाही बराच वेळ आवडला नव्हता. पुढचं काही सांगत नाही.

गराडूदादा, मराठीसाठी माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या देवघरात पोथीत आहे. शिवामुठीची कहाणी. आटपाट नगराच्या राजाला चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवण, जाडंभरडं नेसायला, राहायला गोठा आणि काम गुरं राखायचं. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. श्रावणातल्या सोमवारी ती मूठ वाहते आणि म्हणते, सासू-सासरा, दीर-भावा, नणंदा-जावा, भ्रतारा, नावडती आहे ती आवडती कर रे देवा. पुढे सासरा तिचा देव पाहायला रानात येतो, तर देऊळ सोन्याचं झालेलं. तो आपलं पागोटं खुंटीला ठेवून तळं पाहायला जातो. परत येतो तो देऊळ गायब. साधी पिंडी, आणि खुंटीवर पागोटं.

सिंड्रेलापेक्षा कशात कमी आहे हे? नागकन्या आहेत, सोन्याचं देऊळ आहे.

उलट_टपाल

थांबा थांबा. नवरा कुठे आहे?

आटपाट_नगर

म्हणजे?

उलट_टपाल

चार सुना म्हणजे चार मुलगे. नावडतीचा नवरा अख्ख्या कहाणीत दिसत नाही. तिला गोठ्यात टाकलं तेव्हा तो कुठे होता? तिला पालखीतून आणली तीही सासऱ्याने. नवऱ्याचा उल्लेख फक्त तिच्या प्रार्थनेत, तोही नणंदा-जावांनंतर.

रात्रपाळी

अगं बाई. इतके श्रावण ऐकली आणि कधी लक्षातच आलं नाही.

गराडू

शाप असेल भिया. दिवसा नाग होत असेल. म्हणून तर रानात नागकन्या भेटल्या. त्या त्याच्या बहिणी.

शिप्राकाठ

सुचवणी उत्तम आहे. नागरूप नवऱ्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत, परंपरेला धरूनच होईल.

मोडी_लिपी

मग नावडतीला नावडती कोणी ठरवलं? नवरा दिसत नाही म्हणून घरच्यांनी दोष तिच्यावर टाकला, असं केलं तर गोठ्याचा अर्थ लागतो.

बे_एके_बे

आणि दर सोमवारी धान्य बदलतं. तांदूळ, तीळ, मूग, जव. चार भाग आयते पडले.

आटपाट_नगर

मंडळी, मला लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. उलट_टपाल, तू लिही. नाग असलेला नवरा, रात्री माणूस, आणि तिने त्याला उजेडात पाहायचं की नाही...

उलट_टपाल

पहिलं प्रकरण श्रावणाच्या आधी वेगळ्या धाग्यावर टाकते. पण नवरा चार सोमवार दिसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. मला आधी पागोटं खुंटीवर विसरून बोडक्या डोक्याने तळ्याकाठी उभ्या असलेल्या सासऱ्याची फजिती मनसोक्त लिहायची आहे.